नोकरी सोडून नर्सिंगकडे वळायचंय? सतत विचारले जाणारे प्रश्न

मी आठ वर्षं इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिले. बत्तिसाव्या वर्षी जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला प्रवेश घेतला आणि आता कोल्हापुरात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करते. माझा नंबर कुणाकुणाकडून फिरत राहतो आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी निरोप येतो, "ताई, जरा विचारायचं होतं." तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. नियम महाराष्ट्रातले आहेत. तरी ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचाच, शेजारणीच्या पुतणीवर विसंबू नका.

१. एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग: यातलं नेमकं काय करायचं?

एएनएम दोन वर्षांचा कोर्स आहे आणि तो फक्त मुलींसाठी आहे. त्यातून मुख्यतः उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून किंवा छोट्या दवाखान्यात काम मिळतं. जीएनएम तीन वर्षांची पदविका आहे, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची पदवी, आठ सेमिस्टर. जीएनएम आणि बीएस्सी दोन्ही करणारे वॉर्डात स्टाफ नर्स म्हणूनच उभे राहतात. सरकारी भाषेत अधिपरिचारिका.

बारावीला विज्ञान असेल आणि वय पंचविशीच्या आत असेल, तर सरळ बीएस्सी करा. तिशी ओलांडली असेल, घराचे हप्ते चालू असतील, तर जीएनएम करून कमवायला लागा. नर्स म्हणून नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. एएनएम मी फक्त गावातच राहून काम करायचं ठरवलेल्यांना सुचवते. नंतर जीएनएम करायचंच असेल तर आधी एएनएम म्हणजे दोन वर्षं जास्तीची.

२. माझं वय ३३ आहे. उशीर झाला का?

प्रवेशाला नाही, पण घाई करा. तिन्ही कोर्सेसना वयाची वरची मर्यादा ३५ आहे. जीएनएमला एएनएम किंवा एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) झालेल्यांसाठी मात्र वयाची अट नाही. म्हणून चाळिशीतल्या एएनएम ताई जीएनएमच्या वर्गात दिसतात आणि प्रॅक्टिकलला सगळ्यांच्या पुढे असतात.

खरी अडचण पुढे सरकारी नोकरीत येते. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. ३३ व्या वर्षी जीएनएम सुरू केलंत तर ३६ ला बाहेर पडाल, म्हणजे खुल्या प्रवर्गात फार तर दोन-तीन भरत्या हातात. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेला सर्वसाधारण मर्यादा ३० आहे, ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सवलत. शिवाय जीएनएमवाल्यांकडे किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. मी त्या परीक्षेचा नाद सोडला तो कॅलेंडर बघून, अभ्यास बघून नाही.

३. बारावी कॉमर्सला झालीय. चालेल का?

जीएनएमला चालते. कोणत्याही शाखेतून बारावी, इंग्रजी विषयासह किमान ४० टक्के. विज्ञानवाल्यांना प्राधान्य असतं. माझी बारावी कॉमर्सचीच. पहिल्या सहा महिन्यांत शरीररचनाशास्त्राने रडवलं. किडनीतली एकेक नळी पाठ करताना मी चक्क जमा-नावे अशा दोन रकान्यांत मांडायचे, काय आत गेलं, काय बाहेर आलं. ते पुढे कामाला आलं (प्रश्न ८ बघा).

बीएस्सीला कॉमर्स चालत नाही. भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ४५ टक्के आणि इंग्रजीत उत्तीर्ण, ही अट आहे. राखीव प्रवर्गाला टक्क्यांत सवलत मिळते. बीएस्सीच करायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विज्ञान विषय घेऊन बारावी देता येते, परिचर्या परिषद (नर्सिंगची नियामक संस्था) ते मंडळ मान्य करते. त्यानंतर राज्याच्या सीईटी कक्षाची नर्सिंग सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. तिच्यात विज्ञान आणि इंग्रजीबरोबर नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही असतात.

४. बीकॉम झालंय, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) झालंय, फार्मसी झालीय. एखादं वर्ष सूट मिळते का?

नाही. नर्सिंगला मधून शिरकाव नाही. तुम्ही एमएस्सी मायक्रोबायॉलॉजी असलात तरी पहिल्या वर्षी बेड कसा घालायचा, चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, इथूनच सुरुवात. पहिल्या दिवशी अपमान वाटतो. आठव्या दिवशी कळतं की लकवा झालेल्या माणसाच्या पाठीखाली चादरीची एक घडी राहिली तर काय होतं.

५. नोकरी सांभाळून किंवा घरबसल्या करता येईल का?

नाही, आणि कुणी करून देतो म्हणाला तर पाया पडून निघून या. हजेरी ८० टक्के लागते आणि क्लिनिकलचे, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष कामाचे तास तर १०० टक्के भरून द्यावे लागतात. आजारी पडलात तरी ते तास नंतर पुरे करावेच लागतात. बहुतेक कॉलेजं वसतिगृहात राहायला लावतात, वरच्या वर्षांत रात्रपाळीही असते. माझ्या वर्गात एकजण शनिवार-रविवारी शिकवण्या घ्यायची, तेवढंच जमतं.

६. खर्च किती? आणि मधली तीन वर्षं घर कसं चालवायचं?

सरकारी कॉलेजची फी किरकोळ, खाजगीची जड. दोन्हींतला फरक इतका असतो की एक वर्ष थांबून सरकारी जागेसाठी प्रयत्न करणं परवडतं, अर्थात वय हातात असेल तर. फीशिवाय वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तकं, परीक्षा शुल्क, केस स्टडीच्या फायली हे सगळं धरा. खाजगी कॉलेजमध्ये प्रवेशाच्या दिवशी एकूण तीन वर्षांचा आकडा लेखी मागा. "बाकीचं नंतर बघू" म्हणणाऱ्या ऑफिसात बसू नका.

शिष्यवृत्त्या राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर असतात. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सोय झाली. आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक पदवीच्या अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून शिरलात तर हात चोळत बसाल.

घराचं विचाराल तर मी आधी पंधरा महिने पैसे बाजूला टाकले. सोनं मोडलं नाही, पण एक भिशी मोडली. नवऱ्याचा पगार आणि सासूबाईंचा हात, या दोन गोष्टी नसत्या तर मी हे केलं नसतं. "इच्छा असेल तर मार्ग निघतो" असं मला कुणी सांगितलं की मी महिन्याचा खर्च विचारते.

७. "सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी" अशी जाहिरात बघितली. खरं असतं का?

सहा महिन्यांत नर्स होत नाही. सहा महिन्यांत होतो तो रुग्णसहायक, ज्याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात. ते काम प्रामाणिक आहे, त्याला मागणी आहे, पण ते नर्सिंग नाही आणि त्यावर पुढे नर्स म्हणून नोंदणी होत नाही.

साधी खूण सांगते. बीएस्सीची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. एएनएम-जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. पास झाल्यावर नाव मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढतं. या साखळीतलं एकही नाव संस्थेच्या माहितीपत्रकात नसेल आणि त्याऐवजी "आंतरराष्ट्रीय मान्यता" असेल, तर परत फिरा. कॉलेजचं नाव परिषदेच्या यादीत, चालू वर्षासाठी, तुमच्याच कोर्ससमोर आहे का ते बघा. एकाच संस्थेचा एक कोर्स मान्य आणि दुसरा नाही, असं होतं.

८. प्रत्यक्ष काम काय असतं? मला रक्त बघून गरगरतं, मला जमेल का?

रक्ताचं सोडा, त्याची महिनाभरात सवय होते. वास, उलटी, बेडपॅन यांचीही होते. माझ्या बरोबरची एक मुलगी ऑपरेशन थिएटरात पहिल्याच दिवशी आडवी झाली, आज तिथलीच इनचार्ज आहे.

सवय होत नाही ती एका गोष्टीची. आठ तास उभं राहून, मधे पंचवीस वेळा थांबवलं गेल्यावरही, प्रत्येक आकडा बरोबर लिहायचा असतो. लोकांना वाटतं नर्सिंग म्हणजे प्रेमाने कपाळावर हात ठेवणं. तोही ठेवतो, पण त्याआधी श्वास मोजतो.

एक रात्र सांगते. चार नंबरच्या बेडवर एक आजोबा होते, आतड्याच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस. संध्याकाळच्या सिस्टरने हँडओव्हरमध्ये "स्टेबल" सांगितलं. बीपी छान, मॉनिटर शांत. पण इनपुट-आउटपुट चार्ट बघितला तर चोवीस तासांत सलाईन, औषधं धरून आत गेलेलं २,४०० मिली आणि युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) जमलेलं ३५० मिली. माझ्यातली हिशेबनीस जागी झाली: ताळा जुळत नाही. आधी नळी कुठे मुडपलीय का ते पाहिलं. नव्हती. मग घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. बत्तीस. आजोबा हळूच म्हणाले, "सिस्टर, तसं काय दुखत नाय, पण बरं वाटंना झालंय." मी लगेच डॉक्टरांना उठवलं. श्वासाचा वेग बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी वाढतो, आणि तो अंदाजाने "वीस" लिहून टाकायची वाईट खोड सगळीकडे आहे. आजोबांना पोटात संसर्ग झाला होता. पहाटे पुन्हा थिएटरात नेलं, बारा दिवसांनी घरी गेले.

बाकी दिवस इतके नाट्यमय नसतात. औषधं पाच वेळा तपासणं, पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत ढकलायचं नाही हे रक्तात भिनवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, नातेवाइकांना तेच उत्तर सातव्यांदा शांतपणे देणं, मावशी आणि मामांशी, म्हणजे वॉर्डातल्या मदतनिसांशी, गोडीने वागणं (वॉर्ड त्यांच्यावर चालतो), आणि लिहिणं, लिहिणं, लिहिणं. कागदावरचं प्रमाण आयसीयूत एका पेशंटला एक नर्स असं आहे. प्रत्यक्षात मी दोन सांभाळते, कधी तीन.

तेव्हा "माझ्यात सेवाभाव आहे" हे मला सांगू नका. लक्ष टिकतं का ते सांगा. सेवाभाव हा शब्द मी सर्वात जास्त वेळा ऐकलाय तो पगारवाढ मागितल्यावर.

९. पुरुषांना वाव आहे का?

आहे. जीएनएम आणि बीएस्सी दोन्हींना मुलगे घेतात. वॉर्डात त्यांना "ब्रदर" म्हणतात. आयसीयू, इमर्जन्सी, डायलिसिस, मनोरुग्ण विभाग इथे ब्रदरांना चांगली मागणी असते. सरकारी भरतीत मात्र जागा कमी मिळतात. एम्सच्या भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. प्रसूती विभागातली पोस्टिंग अभ्यासक्रमात मुलग्यांनाही पूर्ण करावी लागते, तिथे थोडी अडखळ होते, पण होऊन जातं.

१०. पगार किती मिळतो? खरं सांगा.

खरं सांगते. हिशेब लिहायचे तेव्हा मला बावीस हजार मिळायचे. तीन वर्षं शिकून, नोंदणी करून, पहिल्या हॉस्पिटलात चौदा हजारांवर लागले. त्या बावीस हजारांशी बरोबरी करायला आणखी दोन वर्षं आणि एक हॉस्पिटल बदलणं लागलं.

महाराष्ट्र शासनात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४००–१,१२,४०० आहे. केंद्राच्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतनच ४४,९०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ठरावीक २५,००० आणि कामगिरीवर १५,००० पर्यंत मिळतात, पण ते कंत्राटी पद आहे.

खाजगीत मोठी तफावत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली, तिने शिफारस केली की २०० हून जास्त खाटांच्या खाजगी हॉस्पिटलांनी राज्य सरकारइतका पगार द्यावा, १०० च्या वरच्यांनी फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांच्यांनी फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहानांनीसुद्धा किमान २०,००० द्यावेत. मुलाखतीला जाताना हा परिच्छेद पाठ करून जा. मिळेलच असं नाही, पण समोरचा एचआर जरा सरळ बसतो.

११. मूल लहान आहे. नाईट ड्युटीचं काय?

नाईट टळत नाही. बहुतेक ठिकाणी सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या असतात आणि रात्रीची बारा तासांची असते. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. नाईटहून आले की तिची शाळेची वेणी घालायची आणि ती रिक्षात बसली की झोपायचं. रविवार, दिवाळी, गणपती हे रोस्टर ठरवतं. ज्यांना हे अजिबात शक्य नाही त्यांनी ओपीडी, डायलिसिस सेंटर, शाळेतली किंवा कारखान्यातली नर्स, अशा दिवसाच्या जागा शोधाव्यात. पण अशा जागी सहसा वॉर्डातला वर्ष-दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि शिकताना तर सुटका नाहीच (प्रश्न ५).

१२. घरचे म्हणतात, चांगली ऑफिसची नोकरी सोडून हे काय. त्यांना काय सांगू?

माझ्या मामांनी तर "लोकांचं हगणं-मुतणं काढायला बीकॉम कशाला केलंस" असं सरळ विचारलं होतं. गेल्या वर्षी त्यांना स्टेंट बसला तेव्हा तीन रात्री मीच होते. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

हा वाद जुना आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायकांना ससून हॉस्पिटलात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं, तेव्हा त्यांतल्या कित्येकजणी विधवा होत्या, घराचा उंबरा पहिल्यांदाच ओलांडत होत्या. परक्या पुरुषाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, यावरून त्यांना जे ऐकावं लागलं असेल त्यापुढे आपले मामा म्हणजे काहीच नाही. आणि त्या बायकांचाही तो एका अर्थाने करिअर बदलच होता. वाद घालू नका. प्रश्न ६ मधला आणि प्रश्न १० मधला हिशेब कागदावर मांडून दाखवा.

१३. लग्नानंतर नाव बदललंय. कागदपत्रांत अडचण येईल का?

येते, आणि सगळ्यात जास्त बायका इथेच अडकतात. बारावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं स्पेलिंग. प्रवेश ज्या नावाने घ्याल त्याच नावाने परीक्षा, गुणपत्रिका आणि परिषदेची नोंदणी होते. माझा सल्ला: शिक्षणाच्या कागदांवर माहेरचं, म्हणजे बारावीचं नाव तसंच राहू द्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. शिक्षणात खंड असल्यामुळे गॅपचं प्रतिज्ञापत्र, अधिवास आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर, हे प्रवेशाच्या आठवड्यात नाही तर दोन महिने आधी काढा.

मूळ गुणपत्रिका पडताळणीनंतर परत घ्या. "कोर्स संपेपर्यंत आमच्याकडे राहू दे" म्हणतील. कागद अडवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही.

१४. रंग नीट ओळखता येत नाहीत, पायात थोडं अपंगत्व आहे. प्रवेश मिळतो का?

रंगांधळेपणा असलेल्यांना, रंगदोष सुधारणारा चष्मा किंवा लेन्स वापरण्याच्या अटीवर प्रवेश मिळतो. पायाच्या ४० ते ५० टक्के अपंगत्वासाठी राखीव जागा आहेत. दोन्हीसाठी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं.

१५. सुई टोचली, संसर्ग झाला तर?

भीती रास्त आहे, मलाही एकदा टोचलीय. कोर्स सुरू होताच हिपॅटायटिस बीचे तीन डोस पुरे करा: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलीच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवायची, पिळायची नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावी लागतात, पुढे २८ दिवस. रागावतील म्हणून लपवणाऱ्या विद्यार्थिनी मी बघितल्यात. मेट्रन रागावली तर रागावू दे.

१६. परदेशी जायचं म्हणून नर्सिंग करावं का?

तेवढ्याचसाठी असेल तर पाच-सहा वर्षांचा हिशेब धरा: कोर्स, त्यानंतर साधारण दोन वर्षांचा वॉर्डचा अनुभव, शिवाय भाषा. आखाती देशांना त्यांची परवाना परीक्षा, अमेरिकेला एनक्लेक्स. ब्रिटनला आयईएलटीएसमध्ये ७ (लेखनात ६.५) किंवा ओईटी ही आरोग्य क्षेत्रासाठीची इंग्रजी परीक्षा, मग इथे संगणकावरची आणि तिकडे प्रात्यक्षिक परीक्षा. जर्मनीला पूर्ण मान्यतेसाठी जर्मन बी-टू पातळीपर्यंत लागते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गल्लोगल्ली जर्मनचे क्लास निघालेत. क्लास लावा, पण पाच लाख घेऊन "व्हिसासकट" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी त्याने पाठवलेल्या दोन नर्सशी स्वतः बोला.

१७. प्रवेश घेण्याआधी हे काम जवळून बघता येतं का?

हॉस्पिटल बाहेरच्या माणसाला वॉर्डात उभं करत नाही. पण नात्यात कुणी ना कुणी ॲडमिट होतच असतं. सिव्हिलच्या जनरल वॉर्डात असेल तर फार उत्तम. त्यांच्याजवळ एक रात्र बसायला जा. मोबाईल पिशवीत ठेवा. पहाटे दोन ते सहा सिस्टर काय करते ते बघा: कितीदा बसते, कितीदा उठते, कुणी ओरडल्यावर चेहरा कसा होतो, सहा वाजता रक्ताचे नमुने घेताना हात कसा चालतो. सकाळी ती बॅग उचलून निघाली की बाहेरच्या टपरीवर चहा पाजा आणि विचारा. झोप डोळ्यांवर असते, त्यामुळे खोटं बोलायचा कंटाळा येतो.